स्वतःचा छोटा कर्नल लिहिताना: टप्प्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आधी तिचा गाभा असलेला कर्नल, लिहायला घेतलेले बहुतेक जण एकाच वळणावर अडकतात. स्क्रीनवर अक्षरं उमटतात, कीबोर्ड चालतो, दोन-चार कमांडही चालतात. मग पेजिंग (प्रोग्रामच्या पत्त्यांची खऱ्या मेमरीशी जोडणी) चालू केलं किंवा दुसरा टास्क जोडला की मशीन नुसतं रीबूट होत राहतं आणि कारण कळायला काही मार्गच नसतो. लोक शेवटी लिहिलेल्या वीस ओळी पुन्हा पुन्हा तपासतात. दोष तिथे असतोच असं नाही. बऱ्याचदा क्रम चुकलेला असतो: कीबोर्ड आधी जोडला, चूक दाखवणारी यंत्रणा मात्र राहून गेली.

या लेखातला क्रम एकाच नियमावर उभा आहे. एखादी गोष्ट बिघडल्यावर ती आपल्याला दिसेल ही सोय आधी करायची, आणि ती गोष्ट नंतर.

उदाहरणासाठी ३२-बिट एक्स८६, एकच सीपीयू आणि क्यूईएमयू हा एम्युलेटर धरला आहे. भाषा सी, आणि जिथे इलाज नाही तिथे असेंब्ली. रस्ट वापरत असाल किंवा ६४-बिटवर जाणार असाल तरी क्रम हाच राहतो. हेक्स आकड्यांच्या आधी ‘हेक्स’ असं लिहिलं आहे.

## १. कोडच्या आधी कागदावरचे निर्णय

मोनोलिथिक की मायक्रोकर्नल? मोनोलिथिक लिनक्समध्ये ड्रायव्हर (उपकरणं चालवणारा कोड), फाइल सिस्टीम, नेटवर्क हे सगळं कर्नलच्याच मेमरीत चालतं. मिनिक्स ३, क्यूएनएक्स, एसईएल४ यांच्यात कर्नल अगदी लहान असतो आणि ड्रायव्हर बाहेर साध्या प्रोसेससारखे चालतात. नवख्याला मायक्रोकर्नल सोपा वाटतो, कारण कर्नलमधला कोड कमी. पण त्यात पहिला ड्रायव्हर हलण्याआधीच पेजिंग, युजर मोड (प्रोग्रामसाठीची मर्यादित अधिकारांची स्थिती) आणि प्रोसेसमधली मेसेजची देवाणघेवाण, तिन्ही पक्की लागतात. पहिला प्रयत्न असेल तर मोनोलिथिकच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्त्यांचा नकाशा. ३२-बिटमध्ये एकूण ४ जीबी पत्ते मिळतात. त्यातले खालचे ३ जीबी प्रोग्रामना आणि हेक्स सी०००००००पासून वरचा १ जीबी कर्नलला, ही विभागणी सोयीची पडते. हे चित्र एका पानावर काढून समोर ठेवा. कर्नल कुठे सुरू होतो, कुठे संपतो, प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक कुठे, कर्नलचा हीप कुठे, हे सगळं त्यात यायला हवं. पुढे डीबग करताना एखादा पत्ता दिसला की तो कोणाच्या हद्दीतला आहे हे एका नजरेत कळतं.

कर्नल मध्येच थांबवता येईल का? सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) अर्धवट असताना टाइमरने टास्क बदलायचा की नाही? पहिल्या आवृत्तीत नाही. टास्क बदलेल तो युजर मोडमधून, किंवा कर्नलने स्वतःहून पाळी सोडली तर. हा एक निर्णय घेतला की लॉकचे निम्मे प्रश्न पुढे ढकलले जातात.

## २. टूलचेन

रोजच्या वापरातला कंपायलर तुमच्या चालू सिस्टीमसाठी प्रोग्राम बनवतो. कोड कुठेही लोड होऊ शकेल, स्टॅकवर पहारा आहे, खाली सी लायब्ररी आहे, हे तो गृहीत धरून चालतो. कर्नलच्या खाली यातलं काहीच नसतं. म्हणून आय६८६-ईएलएफ हे लक्ष्य ठेवून क्रॉस कंपायलर वेगळा बांधा आणि ‘फ्रीस्टँडिंग’ (खाली सी लायब्ररी नाही असं सांगणारा) पर्याय देऊनच कंपाइल करा. बांधायला वेळ जातो, पण तो एकदाच.

फ्रीस्टँडिंग असलं तरी जीसीसी हा कंपायलर मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शन्स असतील असं धरूनच कोड काढतो. ती तुम्ही लिहायची. लिहिताना एक फसगत होते: मेमसेटच्या आत साधा लूप लिहिला की ऑप्टिमायझर तो लूप ओळखतो आणि त्याजागी मेमसेटलाच हाक मारतो. फंक्शन स्वतःलाच बोलावत बसतं आणि स्टॅक संपतो. ज्या फाइलमध्ये ही चार फंक्शन्स आहेत, त्या फाइलपुरतं हे लूप ओळखणं बंद करा.

सावधान: ६४-बिटवर जाल तेव्हा ‘रेड झोन’ बंद करणं विसरू नका. स्टॅकच्या टोकाखालचे १२८ बाइट कंपायलर बिनधास्त वापरतो आणि इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा संकेत) आला की सीपीयू तिथेच लिहितो. असा बग कधी दिसतो, कधी नाही, आणि दिसतो तेव्हा भलत्याच फंक्शनमध्ये.

तपासा: एका कमांडने बिल्ड होऊन क्यूईएमयू सुरू होतो का? नसेल तर पुढे जाऊ नका. हे चक्र तुम्ही दिवसातून शंभरदा फिरवणार आहात.

## ३. बूट

बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम, स्वतः लिहू नका. ते काम शिकण्यासारखं आहे, पण त्याचा ऑपरेटिंग सिस्टीमच्या रचनेशी फारसा संबंध नाही आणि कित्येकांचा उत्साह तिथेच संपतो. ग्रब हा तयार बूटलोडर वापरा आणि मल्टिबूट हा बूटलोडर आणि कर्नल यांच्यातला करार पाळा. क्यूईएमयू मल्टिबूट कर्नल ग्रबशिवायही थेट लोड करतो, त्यामुळे रोजचं काम आणखी हलकं होतं.

मल्टिबूटच्या पहिल्या आवृत्तीचा हेडर हेक्स १बीएडीबी००२ या खुणेने सुरू होतो आणि तो फाइलच्या पहिल्या ८,१९२ बाइटांत यावाच लागतो. लिंकरला स्पष्ट सांगितलं नाही तर तो हेडर भलतीकडे ठेवतो, आणि ‘कर्नल मिळाला नाही’ असा निरोप येतो. लिंकर स्क्रिप्टमध्ये हेडरचा सेक्शन सगळ्यात वर ठेवा, आणि न वापरलेले सेक्शन काढून टाकण्याचा पर्याय चालू असेल तर तो सेक्शन राखून ठेवायलाही सांगा.

नियंत्रण तुमच्याकडे येतं तेव्हा सीपीयू प्रोटेक्टेड मोडमध्ये असतो, पेजिंग बंद असतं, इंटरप्टही बंद असतात. ईएएक्स या रजिस्टरमध्ये (सीपीयूच्या आतल्या छोट्या जागेत) हेक्स २बीएडीबी००२ असतं आणि ईबीएक्समध्ये मेमरीची माहिती देणाऱ्या रचनेचा पत्ता. स्टॅक मात्र मिळत नाही. पहिली असेंब्ली ओळ ईएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारा रजिस्टर) तुमच्या स्वतःच्या स्टॅकवर नेणारी हवी. त्यानंतर ईएएक्स आणि ईबीएक्स दोन्ही सी फंक्शनला द्या.

सावधान: सी फंक्शन परत आलं तर पुढे काय, हेही असेंब्लीत लिहा. इंटरप्ट बंद करा, सीपीयू थांबवा, आणि हे लूपमध्ये ठेवा. एकदाच थांबवणं पुरत नाही. न टाळता येणारा इंटरप्ट आला की सीपीयू जागा होतो आणि पुढचे जे काही बाइट असतील ते सूचना समजून चालवू लागतो.

## ४. आधी सिरीयल, मग स्क्रीन

हेक्स बी८००० या पत्त्यावर लिहिलं की अक्षर स्क्रीनवर येतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण ८० गुणिले २५ अक्षरांच्या त्या जागेत जुनं वर सरकून गायब होतं आणि रीबूट झालं की सगळंच जातं. मशीन मरतं तेव्हाच तर आपल्याला वाचायचं असतं!

पहिला सिरीयल पोर्ट हेक्स ३एफ८वर असतो. क्यूईएमयू त्याचं आउटपुट सरळ तुमच्या टर्मिनलवर किंवा फाइलमध्ये टाकतो. पन्नासेक ओळींत छपाईचं फंक्शन होतं: अक्षर, ओळ, दशमान आकडा, हेक्स आकडा. एवढं पुरे.

त्याच बैठकीत ‘पॅनिक’ फंक्शन लिहा. इंटरप्ट बंद, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक छापा, थांबा. इथून पुढे अशक्य वाटणाऱ्या प्रत्येक फांदीत पॅनिक टाकत चला.

तपासा: ईएएक्समधली खूण बरोबर आहे का हे कोडमध्येच तपासा आणि मुद्दाम चुकीची खूण देऊन पॅनिक खरंच छापतो का ते पाहा.

## ५. जीडीटी, आयडीटी आणि एक्सेप्शन

मला कोणी एकच टप्पा नीट करायला सांगितला तर मी हा निवडेन.

जीडीटी म्हणजे मेमरीच्या भागांचे (सेगमेंटचे) अधिकार सांगणारं टेबल. ग्रबने दिलेल्या जीडीटीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून स्वतःचं टेबल लावा: रिकामी एंट्री, कर्नल कोड, कर्नल डेटा, युजर कोड, युजर डेटा आणि शेवटी टीएसएस (कर्नल स्टॅकचा पत्ता ठेवणारी रचना). कर्नल कोडचा सिलेक्टर (टेबलातली जागा दाखवणारा आकडा) हेक्स ८, डेटाचा हेक्स १०. टेबल लोड केल्यावर कोड सेगमेंट आपोआप बदलत नाही; त्यासाठी लांब उडी, म्हणजे फार जंप, मारावीच लागते. ती विसरलात तरी लगेच काही बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या इंटरप्टला, आणि मग शोध चुकीच्या ठिकाणी सुरू होतो.

कोणत्या इंटरप्टला कोणतं फंक्शन चालवायचं हे सांगणारं टेबल म्हणजे आयडीटी. त्यात २५६ जागा असतात आणि जागेच्या क्रमांकाला व्हेक्टर म्हणतात. त्यातल्या पहिल्या ३२ सीपीयूच्या स्वतःच्या तक्रारींसाठी, म्हणजे एक्सेप्शनसाठी, राखीव आहेत. सुरुवातीला एवढ्या ३२ भरा आणि इंटरप्ट बंदच ठेवा.

इथली नेहमीची चूक अशी. काही एक्सेप्शन येताना सीपीयू स्टॅकवर एक एरर कोड ठेवतो, काहींना ठेवत नाही. ८, १० ते १४ आणि १७ हे क्रमांक कोड ठेवणाऱ्यांपैकी. भागाकाराची चूक, ब्रेकपॉइंट, अवैध सूचना यांना कोड नसतो. सगळ्यांना एकच साचा लावला की परत जाताना स्टॅक चार बाइटांनी सरकलेला असतो. उपाय सरळ आहे: जिथे कोड येत नाही तिथे आपण शून्य ढकलायचं, मग व्हेक्टर क्रमांक, मग सगळे रजिस्टर. सी फंक्शनला नेहमी एकाच आकाराची रचना मिळते. परतताना कोड आणि क्रमांकाचे आठ बाइट काढून मगच ‘आयरेट’ (इंटरप्टमधून परतण्याची सूचना).

हँडलरने काय छापायचं? व्हेक्टर, एरर कोड, ईआयपी (चालू सूचनेचा पत्ता), सगळे रजिस्टर, आणि व्हेक्टर १४ (पेज फॉल्ट) असेल तर सीआर२ (ज्या पत्त्यावर चूक झाली तो). मिळालेला ईआयपी ‘अ‍ॅड्रेस-टू-लाइन’ टूलला दिला की तो कोडची नेमकी ओळ सांगतो.

आता मुद्दाम मोडा. सीमध्ये शून्याने भागून पाहू नका, तो भागाकार कंपायलर गिळून टाकू शकतो. असेंब्लीतली ‘यूडी२’ ही सूचना द्या. व्हेक्टर ६ छापला गेला पाहिजे. मग ब्रेकपॉइंटची सूचना द्या. व्हेक्टर ३ छापून कर्नल पुढच्या ओळीवर सुखरूप परतला पाहिजे. हा परतीचा प्रवास जमला तर तुमचा साचा बरोबर आहे.

मशीन नुसतं रीबूट होत असेल तर: तो ट्रिपल फॉल्ट. एक्सेप्शन हाताळताना दुसरा एक्सेप्शन, तो हाताळताना तिसरा, आणि सीपीयू हात टेकतो. क्यूईएमयूला रीबूट न करण्याचा पर्याय द्या आणि प्रत्येक इंटरप्टची नोंद लॉगमध्ये लिहायला सांगा. त्या लॉगमध्ये शेवटची नोंद वाचू नका, मालिकेतली पहिली वाचा. बाकीच्या दोन तिचेच परिणाम असतात.

## ६. टाइमर आणि बाहेरचे इंटरप्ट

बाहेरचे इंटरप्ट सीपीयूकडे पोचवणाऱ्या पीआयसी नावाच्या दोन चिप असतात. त्यातली पहिली सुरुवातीला टाइमर, कीबोर्ड वगैरेंचे इंटरप्ट व्हेक्टर ८ ते १५वर पाठवते. तिथे सीपीयूचे स्वतःचे एक्सेप्शन बसलेले असतात. त्यामुळे इंटरप्ट चालू केल्याबरोबर ‘डबल फॉल्ट’ छापला जातो. तो डबल फॉल्ट नसतो, टाइमरचा पहिला ठोका असतो. दोन्ही पीआयसी मिळून व्हेक्टर ३२ ते ४७वर हलवा आणि त्यानंतरच इंटरप्ट चालू करा.

टाइमरची मूळ गती सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके. सेकंदाला १०० हवे असतील तर भाजक ११,९३२. आधी खालचा बाइट पाठवायचा, मग वरचा.

प्रत्येक इंटरप्टनंतर पीआयसीला ‘झालं’ असं कळवावं लागतं: पोर्ट हेक्स २०वर हेक्स २०, आणि इंटरप्ट दुसऱ्या पीआयसीचा असेल तर पोर्ट हेक्स ए०वरही. नाही कळवलं तर पुढचा ठोका येतच नाही.

माझ्या पहिल्या कर्नलमध्ये टाइमरचा एक ठोका यायचा आणि मग शांतता. दोन संध्याकाळी भाजकाच्या गणितात घालवल्या. शेवटी लक्षात आलं की हँडलरच्या आतूनच मी टास्क बदलत होतो आणि ‘झालं’ ही ओळ त्याच्या नंतर होती. नवा टास्क पहिल्यांदाच सुरू होत असल्यामुळे तो हँडलरमधून परत जातच नव्हता, म्हणजे ती ओळ कधीच चालत नव्हती. तेव्हापासून माझ्या हँडलरमध्ये पीआयसीला कळवणं आधी आणि टास्क बदलणं नंतर.

तपासा: दर शंभर ठोक्यांना एक ओळ छापा आणि घड्याळ लावून दहा ओळी मोजा. ठोक्यांचा काउंटर ‘व्होलटाइल’ आहे ना? नसेल तर वाट पाहणारा लूप ऑप्टिमायझेशन चालू करताच कायमचा अडकतो.

कीबोर्ड आता जोडायचा असेल तर जोडा, पण हँडलरमध्ये फक्त कोड वाचून बफरमध्ये टाका. त्याचा अर्थ लावणं नंतरचं काम.

## ७. भौतिक मेमरीचा हिशेब

मेमरी ४ केबीच्या फ्रेममध्ये मोजायची आणि प्रत्येक फ्रेमला एक बिट: वापरात की मोकळी. क्यूईएमयू सहसा १२८ एमबी देतो. त्याच्या ३२,७६८ फ्रेम होतात आणि बिटमॅप बरोबर ४,०९६ बाइटांचा, म्हणजे एकाच फ्रेममध्ये मावणारा. पुरते ४ जीबी धरले तर बिटमॅप १२८ केबी.

क्रम असा ठेवा:

१. आधी सगळ्या फ्रेम ‘वापरात’ लावा.
२. मल्टिबूटच्या नकाशात ज्यांचा प्रकार १ (वापरता येणारी मेमरी) आहे तेवढेच पट्टे मोकळे करा.
३. कर्नल, बिटमॅप, मल्टिबूटची माहिती आणि पहिला १ एमबी पुन्हा ‘वापरात’ लावा.

उलटा क्रम घेणारे, म्हणजे सगळं मोकळं धरून नको ते वगळणारे, हमखास काहीतरी विसरतात. मग अ‍ॅलोकेटर कर्नलच्याच कोडची फ्रेम कोणालातरी देऊन टाकतो.

दोन बारीक सापळे आहेत. नकाशातल्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तिची लांबी असते, पण त्या लांबीत लांबीचे स्वतःचे चार बाइट धरलेले नसतात. पुढची नोंद गाठायला लांबी अधिक चार. दुसरा सापळा: कर्नलचा शेवट लिंकर स्क्रिप्टमधल्या चिन्हातून मिळतो, तेव्हा त्या चिन्हाचा पत्ता घ्यायचा. त्याची किंमत वाचली तर तिथे पडलेले कोणतेही चार बाइट हातात येतात.

तपासा: सगळ्या मोकळ्या फ्रेम एकेक करून घ्या, प्रत्येकीत तिचाच क्रमांक लिहा, मग सगळ्या पुन्हा वाचा. एखादी फ्रेम दोनदा दिली असेल तर इथे उघडी पडते.

## ८. पेजिंग

पेज डिरेक्टरीत १,०२४ एंट्री, प्रत्येक एंट्री एका पेज टेबलकडे बोट दाखवते, त्यातही १,०२४ एंट्री. म्हणजे डिरेक्टरीची एक एंट्री ४ एमबी सांभाळते. एंट्रीचे वरचे २० बिट पत्त्याचे, खालचे १२ खुणांचे.

ज्या क्षणी सीआर० या रजिस्टरचा ३१वा बिट (पेजिंग चालू करणारा) लावता, त्याच्या पुढचीच सूचना सीपीयू नव्या पत्त्यांनी शोधतो. म्हणून चालू असलेला कोड जुन्या आणि नव्या दोन्ही पत्त्यांवर दिसला पाहिजे. खालचे ४ एमबी जसेच्या तसे मॅप करा, तेच हेक्स सी०००००००वरही मॅप करा, पेजिंग लावा, वरच्या पत्त्यावर उडी मारा, स्टॅकही वर न्या, आणि मग खालचं मॅपिंग काढून टाका.

काढायचा कंटाळा करू नका. ते तसंच राहिलं तर शून्य पॉइंटरमधून वाचलं तरी काहीतरी मिळतं आणि बग लपून राहतो. ते काढल्यावर हेक्स बी८०००वर लिहिणारा जुना स्क्रीनचा कोड फॉल्ट देईल. त्याला वरचा पत्ता द्या.

नेहमीच्या चुका:

- एंट्रीत भौतिक पत्ता लिहायचा असतो. कर्नल वर गेल्यावर हातात असलेले सगळे पॉइंटर आभासी असतात आणि तेच चुकून लिहिले जातात. दोन्हींसाठी वेगळे टाइप करा, म्हणजे कंपायलरच ओरडेल.
- एंट्री बदलली तरी सीपीयूच्या टीएलबीत (पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवणाऱ्या कॅशमध्ये) जुनीच नोंद राहते. प्रत्येक बदलानंतर ‘इनव्हीएलपीजी’ (ती नोंद काढणारी सूचना).
- नवी पेज टेबल शून्य करून घेतली नाही, तर जुन्या कचऱ्यातल्या एंट्री खऱ्या समजल्या जातात.

आणखी एक चूक रचनेची आहे आणि ती फार उशिरा वर येते. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची डिरेक्टरी असते, पण कर्नलचा वरचा १ जीबी सगळ्यांत सारखा हवा. एका प्रोसेसच्या वेळी कर्नलने नवं पेज टेबल जोडलं तर ते बाकीच्या डिरेक्टऱ्यांत नसतं. हीप वाढतो, सगळं ठीक दिसतं, आणि प्रोसेस बदलल्यावर कर्नल स्वतःच्याच डेटावर फॉल्ट खातो. वरच्या भागाची २५६ पेज टेबलं सुरुवातीलाच बनवून ठेवा. १ एमबी जाईल. जाऊ द्या.

तपासा: एकच फ्रेम दोन आभासी पत्त्यांवर मॅप करा. एकीकडून लिहा, दुसरीकडून वाचा. मग दुसरं मॅपिंग काढून पुन्हा वाचा: व्हेक्टर १४ आला पाहिजे आणि सीआर२मध्ये नेमका तोच पत्ता.

## ९. दुसरा टास्क

टाइमर आहे म्हणून लगेच टाइमरवर टास्क बदलू नका. आधी टास्क स्वतःहून पाळी सोडतील असं करा. ते दिवसभर नीट चाललं की टाइमर जोडा. दोन्ही एकदम केलं तर बिघाड स्टॅकचा की वेळेचा हे सांगता येत नाही.

बदलणारं असेंब्ली फंक्शन डझनभर ओळींचं असतं. ईबीपी, ईबीएक्स, ईएसआय, ईडीआय हे चार रजिस्टर ढकला, ईएसपी जुन्या टास्कच्या नोंदीत ठेवा, नव्या टास्कचा ईएसपी घ्या, चौघांना उलट्या क्रमाने काढा आणि ‘रेट’ (फंक्शनमधून परतण्याची सूचना). बाकीचे रजिस्टर हाक मारणाऱ्या फंक्शनने सांभाळायचे असतात, तो सीचा करारच आहे.

नवीन टास्कच्या स्टॅकवर यातलं काहीच नसतं, म्हणून ते आपण मांडून ठेवायचं: चार शून्यं आणि त्यांच्या वर परतीचा पत्ता म्हणून एका छोट्या सुरुवातीच्या फंक्शनचा पत्ता. त्या फंक्शनने इंटरप्ट चालू करायचे, टास्कचं मुख्य फंक्शन चालवायचं आणि ते संपल्यावर ‘टास्क संपला’ ही हाक द्यायची. यातलं ‘इंटरप्ट चालू करणं’ राहिलं तर नवा टास्क झकास चालतो आणि बाकी सगळे कायमचे झोपतात.

संपलेल्या टास्कने स्वतःचा स्टॅक स्वतः मोकळा करायचा नाही. तो अजून त्याच स्टॅकवर उभा आहे. त्याला ‘मेलेला’ अशी खूण करा आणि साफसफाई दुसऱ्या टास्ककडे द्या.

लॉकबद्दल: एकाच सीपीयूवर इंटरप्ट बंद करणं हाच लॉक. पण बाहेर पडताना ते सरसकट चालू करू नका. आत येताना जी स्थिती होती तीच परत लावा. एका फंक्शनने लॉक घेतलेला असताना आतल्या दुसऱ्या फंक्शनने आपलं काम संपवून इंटरप्ट चालू करून टाकले, तर बाहेरच्याचं संरक्षण त्याच्या नकळत जातं.

झोपताना अट तपासणं आणि झोपणं यांच्यामध्ये फट राहू देऊ नका. ‘बफर रिकामा आहे’ असं पाहिलं, तेवढ्यात की दाबली गेली, हँडलरने पाहिलं की कोणी झोपलेलं नाही, आणि मग टास्क झोपला. आता त्याला उठवणारं कोणी नाही. तपासणी आणि झोप दोन्ही इंटरप्ट बंद असतानाच करा.

## १०. युजर मोड आणि सिस्टीम कॉल

युजर मोडमध्ये जायला वेगळी सूचना नाही. ‘आपण इंटरप्टमधून परत जातोय’ असं भासवायचं: स्टॅकवर एसएस, ईएसपी, ईफ्लॅग्ज, सीएस (कोड सेगमेंट), ईआयपी या क्रमाने पाच किमती ढकलून ‘आयरेट’. आपल्या जीडीटीप्रमाणे युजर कोडचा सिलेक्टर हेक्स १बी, डेटाचा हेक्स २३. दोन्हींचे शेवटचे दोन बिट ३ हवेत. ईफ्लॅग्जमध्ये हेक्स २०० नसेल तर प्रोग्राम चालू असताना इंटरप्टच येणार नाहीत.

परत येताना सीपीयू कर्नलचा स्टॅक टीएसएसमधल्या ईएसपी० या खान्यातून घेतो. टास्क बदलताना दर वेळी तो खाना नव्या टास्कच्या कर्नल स्टॅकच्या टोकावर लावा. एकच प्रोसेस असेपर्यंत ही चूक दिसत नाही. दुसरी आली की दोघी एकाच स्टॅकवर लिहू लागतात.

पहिला युजर प्रोग्राम चालवताना हमखास दिसणारी ओळ अशी: व्हेक्टर १४, कोड ५, सीआर२ हेक्स ४०००००. ही नीट वाचू. कोड ५ म्हणजे बिट ० आणि बिट २ लागलेले. बिट ० सांगतो की पेज मॅप आहे, नकार परवानगीचा आहे. बिट १ शून्य, म्हणजे लिहिणं नव्हे, वाचणं. बिट २ सांगतो की मागणारा युजर मोडमध्ये होता. म्हणजे पेज आहे, पण युजरला बंदी आहे. तुम्ही पेज टेबल उघडता, तिथे युजरची खूण लावलेली असते आणि डोकं चक्रावतं. डिरेक्टरी पाहा. परवानगी दोन्ही पातळ्यांवर लागते आणि डिरेक्टरीतली खूण राहिलेली असते. कोड ४ असता तर पेज मॅपच नाही असा अर्थ झाला असता, आणि शोध लोडरमध्ये घ्यायचा.

सिस्टीम कॉलसाठी व्हेक्टर हेक्स ८० घेतला तर आयडीटीतल्या त्या एका एंट्रीचा खुणांचा बाइट हेक्स ईई हवा, बाकीच्यांचा हेक्स ८ई. राहिला तर व्हेक्टर १३ (परवानगी नाकारल्याची तक्रार) येतो आणि एरर कोड हेक्स ४०२. त्यात हेक्स ८० हा क्रमांकच तीन बिट डावीकडे सरकून बसलेला असतो.

प्रोग्रामकडून आलेल्या पॉइंटरवर कधीच विश्वास ठेवू नका. सुरुवात कर्नलच्या हद्दीखाली आहे का पाहा, मग लांबी ‘हद्द वजा सुरुवात’ यापेक्षा जास्त नाही ना ते पाहा. सुरुवात अधिक लांबी अशी बेरीज करून तुलना केली तर मोठी लांबी देऊन ती बेरीज शून्याकडे वळवता येते आणि तपासणी फसते. पेज खरंच मॅप आहे का, युजरचं आहे का, तेही तपासा. मग डेटा एकदाच कर्नलमध्ये कॉपी करा आणि त्या कॉपीवरच काम करा.

एक्सेप्शन हँडलरमध्ये आता एक फांदी जोडा. साठवलेल्या सीएसचे शेवटचे दोन बिट ३ असतील तर चूक प्रोग्रामची: त्याला मारा, बाकीचे चालू ठेवा. शून्य असतील तर चूक कर्नलची: पॅनिक.

## ११. शेवटची चाचणी

फाइल सिस्टीमकडे वळण्याआधी पाच छोटे प्रोग्राम लिहून कर्नलसोबतच मॉड्यूल म्हणून लोड करा. पहिला फक्त रिकामा लूप फिरवतो. दुसरा हेक्स सी०१०००००वर लिहायचा प्रयत्न करतो. तिसरा छपाईच्या सिस्टीम कॉलला कर्नलमधला पत्ता देतो. चौथा दर सेकंदाला एक आकडा छापतो. पाचवा काहीही न करता लगेच संपतो.

पहिले चार एकदम सोडा. दुसरा मारला गेला पाहिजे, तिसऱ्याला ‘पत्ता चुकला’ असा निरोप मिळाला पाहिजे आणि पहिला सीपीयू खात असतानाही चौथ्याचे आकडे न थांबता यायला हवेत. मग मोकळ्या फ्रेमचा आकडा छापा, पाचवा प्रोग्राम हजार वेळा सुरू करून संपू द्या, साफसफाईच्या टास्कला पाळी मिळू द्या आणि आकडा पुन्हा छापा. हजारने कमी भरला तर दर वेळी नेमकी एक फ्रेम गळते आहे: बहुधा पेज डिरेक्टरीची, कारण टेबलं मोकळी करताना तीच मागे राहते.